गेनबांच्या मोटरींची बारी

भार: शून्य टक्के

कात्रजच्या सिग्नलला कल्याणी रणपिसेला स्वतःचा फोटो दिसला. फोटो बराच मोठा होता आणि विजेच्या दोन खांबांमध्ये ताणून बांधला होता. सिग्नल सुटला, पण कल्याणी सुटली नाही. मागचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, याच्यापेक्षा हिरवा होत नाही तो."

तिने स्कूटर कडेला घेतली आणि फ्लेक्स वाचला.

भव्य दिव्य मोटर शर्यत! समर्थदादा विरुद्ध ऋषीशेठ! आयोजक: श्री. गेनबा जांभळे. प्रमुख पंच: कल्याणीताई. स्थळ: आमचंच शेड. निवेदक: घाटाघाटांत गाजलेला आवाज, भैरू.

खाली शुभेच्छुकांच्या रांगेत बरेच चेहरे होते आणि त्यांत एक बैलाचा होता. फोटो सगळ्यांत चांगला बैलाचाच आला होता.

आता थोडं मागे जावं लागेल. फार नाही, आठवडाभर.

कल्याणी आंबेगावातल्या एका लहानशा टेस्टिंग लॅबमध्ये इंजिनिअर होती. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटरी आणि त्यांचे कंट्रोलर लॅबमध्ये यायचे, बाकावर चढायचे, दमवले जायचे आणि किती दमले याचा अहवाल घेऊन परत जायचे. लॅब ज्या शेडमध्ये होती ते शेड गेनबा जांभळ्यांचं. गाव शहरात गेलं तेव्हा गेनबांच्या म्हशी गेल्या आणि गोठ्यात लॅब आली. लॅबचा भाडेकरार या महिन्यात संपत होता. दुसरी जागा शोधून झाली होती. एवढ्या वजनाचं यंत्र पेलणारी जमीन आणि एवढ्या दाबाची वीज एकाच ठिकाणी मिळेल अशी जागा अख्ख्या दक्षिण पुण्यात नव्हती.

गेनबांना दोन मुलगे. थोरला समर्थ विजेवर चालणाऱ्या टेम्पोसाठी मोटर बनवायचा. धाकटा ऋषी हायब्रिड टेम्पोसाठी बनवायचा, म्हणजे इंजिन असतंच, मोटर त्याला हात देते. दोघांची वर्कशॉप भाड्याची, दोघांच्या मोटरी घरच्या, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं गेली काही वर्षं फक्त तिसऱ्या माणसामार्फत. गेनबांना ते रोज जेवताना ऐकावं लागायचं. "आबा, त्याला सांगा, मीठ इकडं सरकव."

म्हणून गेल्या आठवड्यात गेनबा लॅबमध्ये आले आणि लॅबप्रमुख मंदाकिनी केतकरांसमोर बसले.

"दोन्ही मोटरी जोखून द्या. कुणाची चांगली ते एकदाचं कळू द्या. निकाल लागला की तुमच्या कराराचं बघतो."

मंदाकिनी मॅडम हो म्हणाल्या. कराराचं नाव निघाल्यावर त्या कशालाही हो म्हणाल्या असत्या, अगदी बैल जोखायलाही.

भार: दहा टक्के

"तुझा फोटो बरा आलाय," मंदाकिनी मॅडम म्हणाल्या. "माझा का नाही?"

"मॅडम, त्यांनी शर्यत लावलीये!"

"वाचलं. मला निवृत्तीनंतर काय करायचं याची काळजी होती. आता जत्रांमधून फिरता येईल."

तेवढ्यात गेनबा आले. टोपी नवी होती.

"काका, ही शर्यत नाहीये, चाचणी आहे," कल्याणी म्हणाली.

"त्येच की. कोन फुडं जातंय ते बघायचं."

"कुणीच पुढे जात नाही. दोन्ही मोटरी लोखंडी बाकाला बोल्टांनी आवळलेल्या असतात."

"मंग पळत्यात कुठं?"

"जागच्या जागी."

गेनबांनी विचार केला. "आमचा समर्थ शाळंत असाच पळायचा."

कल्याणीने त्यांना बाक दाखवला. दोन मोटरी समोरासमोर, नाकाला नाक लावून. दोघींचे दांडे मधे एकमेकांना जोडलेले. एक मोटर ओढणार, दुसरी तिला अडवणार. मग पाळी बदलायची. अडवणारी मोटर अडवता अडवता वीज तयार करते, आणि ती वीज परत पहिलीलाच मिळते, त्यामुळे वीजबिल कमी येतं.

"मंजी ही वढणार, ती आडवणार, आन पुन्यांदा आडवनारीच हिला पोसनार?"

"बरोबर."

"ही तर भावकी झाली, बाई!" गेनबा खूश झाले. "आन जिंकनार कोन?"

"सारखंच ओझं ओढून जी कमी वीज खाईल आणि कमी तापेल, ती."

"कमी खाऊन जादा वढनारा बैल. समजलं."

मागे उभ्या असलेल्या ऋषीने हात वर केला. "मॅडम, वन सेकंद. माझी मोटर हायब्रिडची आहे. तिच्या जोडीला इंजिन असतं. तिला एकटीला पळवणं इज नॉट फेअर."

"मंग जोडीतला एकच बैल का आनला?" गेनबा म्हणाले. विषय संपला.

"आणि काका, गर्दी नको," कल्याणी म्हणाली. "आत फार तर सहा माणसं."

"न्हाई न्हाई, गर्दी कशाची? घरचीच मान्सं."

भार: पन्नास टक्के

घरची माणसं सकाळपासून येत होती. शेडच्या दारात भेळेची गाडी लागली. हलगी आली. समर्थच्या बाजूचे लोक गुलाबी फेटे बांधून डावीकडे, ऋषीच्या बाजूचे भगवे बांधून उजवीकडे. दोन फेटे हाताशी घेऊन एक मामा मधोमध उभे होते. ते दोघांचेही मामा होते.

"आत फक्त कामाची माणसं," मंदाकिनी मॅडम दारात एका फेटेवाल्याला म्हणाल्या.

"मी पाव्हना हाय."

"ते काम नाही."

"मंग मी बसूनच ऱ्हातो," असं म्हणून तो आत गेला आणि उभा राहिला.

मोटरींभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा होता, तेवढा तरी. फिरत्या दांड्यापाशी कोणी हात घालू नये म्हणून तो बसवलेला. पिंजऱ्याबाहेर कल्याणीचं टेबल, टेबलावर संगणक, आणि काहीही बिघडलं तर सगळं एका दणक्यात बंद करायचं लाल बटण. त्या बटणावर प्लॅस्टिकचं झाकण होतं. झाकणावर भैरू निवेदकाचा उजवा पाय होता, कारण घाटांवरच्या बैलगाडा शर्यतींत एकेक फेरी, म्हणजे बारी, सांगणाऱ्या भैरूला उंचावरून बोलायची सवय होती आणि शेडमध्ये उंच असं ते टेबलच होतं.

"दादा, खाली उतरा!"

"ताई, घाटात मी जीपच्या टपावर उभा ऱ्हातो. हे तर काहीच न्हाई."

ऋषीच्या मित्रांनी लग्नात लावतात तसला मोठा पडदा आणला होता. कल्याणीच्या संगणकावर जे दिसेल ते सगळं पडद्यावर दिसणार होतं. संगणकावर बरंच काही होतं: वीज, जोर, वेग, कार्यक्षमता. पण सगळ्यात मोठ्या अक्षरांत होते दोन आकडे. डावीकडे समर्थच्या मोटरीचं तापमान, उजवीकडे ऋषीच्या.

चाचणी सुरू करतानाच कल्याणीच्या लक्षात एक गोष्ट यायला हवी होती. ती आली नाही. कारण ती तेव्हा भैरूचा पाय धरून

भार: पंचाहत्तर टक्के

ओढत होती, आणि भैरूला वाटलं ताई नमस्कार करताहेत.

"जिंकायचं तर आशीर्वाद मोटरीला द्या, आम्हाला कशाला! मंडळी, निशान पडलं! भिर्रर्रर्र! सुटली, सुटली, समर्थदादांची मोटर सुटली! जाग्यावरच हाय पन सुटली! अडतीस! समर्थदादा अडतीस, ऋषीशेठ चौतीस!"

डावी बाजू ओरडली. कल्याणीच्या लक्षात आता आलं.

"अहो, तो ताप आहे! कमी तो चांगला!"

हलगीपुढे तिचं कोणी ऐकलं नाही. आणि ऐकलं असतं तरी पटलं नसतं. पडद्यावर दोन आकडे आहेत आणि मोठा आकडा हरतोय, असं आंबेगावात कधी झालं नव्हतं.

"पंचेचाळीस! काय चढतीय, काय चढतीय! कात्रजचा घाट चढतीय! ऋषीशेठ अजून पस्तिसात! ऋषीशेठ, जागं व्हा!"

समर्थच्या बाजूने पहिला गुलाल उधळला गेला.

गुलाल जाळीतून आत गेला. आत समर्थचा कंट्रोलर होता. कंट्रोलर म्हणजे मोटरीला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा. काम करताना तो तापतो, म्हणून त्याच्या पाठीला एक लहान पंखा असतो. पंख्याने गुलाल मनापासून आत ओढून घेतला. डब्याच्या फटी बुजल्या. डबा तापला, मोटरही तापली. पडद्यावर एकावन्न आलं. एकावन्न आल्यावर गुलाल उधळायचा नाही तर कधी उधळायचा? तेव्हा आणखी उधळला. आणखी फटी बुजल्या. सत्तावन्न. आणखी गुलाल.

मंदाकिनी मॅडम कोपऱ्यात चष्मा पुसत म्हणाल्या, "कल्याणी, आपण कूलिंगच्या उलट काय असतं त्याची चाचणी कधी केली नव्हती, नाही का?"

उजवीकडे मात्र सुतक होतं. ऋषीची मोटर छत्तीसच्या वर जायला तयार नव्हती. त्याचे लोक त्याच्याकडे बघत होते. ऋषी मात्र गालातल्या गालात हसत होता, कारण त्याला नियम माहीत होता. पण ते हसणं त्याच्या लोकांना बेशरमपणाचं वाटलं.

"आरं, तुझी तापंना की!" मामा ओरडले. मधोमध उभे राहिलेले मामा आता उजवीकडे झुकले होते, त्यांचं मन हळवं होतं. "बिचारीला थंडी वाजतीय!"

त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि जाळीवरून आत फेकली. घोंगडी ऋषीच्या मोटरीवर जाऊन पडली, अगदी पांघरूण घातल्यासारखी.

"मामा!" ऋषी किंचाळला. त्याचं हसू गेलं. "मामा, काढा ते! काढा! माझं ताक!"

कोणाला काही कळलं नाही. सदतीस. एकोणचाळीस. त्रेचाळीस. उजवी बाजू जागी झाली, हलगी उजवीकडे सरकली, आणि अठ्ठेचाळिसाला ऋषीच्या मोटरीखालून पांढरी धार लागली.

हलगी थांबली. भैरूचाही आवाज बसला. तो हळूच म्हणाला, "मंडळी, मोटर दूध देतीय."

पहिल्या रांगेतल्या दोन आज्यांनी हात जोडले. कोणीतरी चप्पल काढली. मग सगळ्यांनीच काढल्या. कल्याणी त्या चपलांवरून घसरत टेबलापर्यंत पोचली, पण तिला बटण दाबावं लागलं नाही. समर्थच्या कंट्रोलरने बहात्तरला स्वतःच स्वतःला बंद करून टाकलं. त्या क्षणी त्या शेडमध्ये एवढं शहाणपण असलेला तो एकटाच होता.

भार: शंभर टक्के

"बंद पडली ती हरली," गेनबांनी जाहीर केलं. "ऋषी जिंकला. समर्थ हरला."

"काका, असा निकाल लागत नाही," कल्याणी म्हणाली. ती गुलाबी झाली होती, रागाने नव्हे.

"थांब पोरी. आता मी काय देनार ते सांगतो." गेनबा खुर्चीवर चढले. "माझ्याकडं देन्यासारखं एकच हाय. हे शेड. इथं कारखाना घालता येतो. तर हे शेड मी समर्थला देतो."

लोकांना वाटलं आबांची जीभ घसरली.

"आबा, जिंकलो मी!" ऋषी म्हणाला. भावासमोर एवढं सरळ बोलायची त्याची कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ.

"म्हनून तर. जिंकनाऱ्या बैलाला अख्खा गाव पेंड चारतो. तुझ्या दारात उद्या बँकवाले येत्याल. हरलेल्याला बापाबिगर कोन हाय? पेंड त्यालाच लागती."

समर्थचा उतरलेला चेहरा हळूहळू वर चढला. कल्याणीचा उतरला. शेड समर्थला, म्हणजे लॅब रस्त्यावर. तिने मंदाकिनी मॅडमकडे बघितलं. मॅडम पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होत्या.

ऋषी मधेच बोलला. "आबा, मी जिंकलेलो नाही! मी चीटिंग केलं! लिटरली! मोटरीखाली डेअरीतल्या गार ताकाच्या पिशव्या बांधल्या होत्या, म्हणून ती थंड होती! त्या फुटल्या!"

चपला काढलेल्यांनी चपला घातल्या.

"मंजी ते दूध न्हवतं?" भैरूने माइकवरून विचारलं.

"ताक होतं! माझी मोटर एरवी लई तापते, आबा! भयंकर तापते! तिच्यावर पोळ्या भाजता येतील!"

"त्याचं ऐकू नका," समर्थ घाईने म्हणाला. "जिंकल्यावर माणसानं रडू नये. मी हरलोय. सरळ, प्रामाणिकपणे हरलोय."

"प्रामाणिकपणे?" कल्याणी संगणकाकडे वळली. "तुमच्या मोटरीचा जोर मधेमधे गपकन खाली येत होता, दादा. ताप वाढला की गुपचूप ओढणं कमी करायचं, असं सेटिंग कंट्रोलरमध्ये टाकलंय तुम्ही. ओझं सगळं घेतलंच नाही तिने. नाहीतर त्याआधीच बंद पडली असती."

तिला वाटलं समर्थ ओशाळेल. समर्थने दोन्ही हात वर केले.

"ऐकलं ना आबा? आधीच बंद पडली असती! मी याच्यापेक्षा जास्त हरलो असतो!"

"मी सगळ्यात जास्त हरलो असतो!" ऋषी ओरडला.

"तू? तुझी तर दूध देते!"

"दादा, तू मला बोलू नकोस हां!"

"तूच बोललास आधी!"

दोघे बोलत होते. थेट एकमेकांशी, तिसऱ्या माणसाशिवाय. समर्थची बायको तनुजा गर्दीत उभी होती. तिने शेजारणीला विचारलं, "यांचा आवाज असा आहे होय एकमेकांशी बोलताना?"

कल्याणी टेबलावर चढली. भैरूच्या हातातून माइक घेतला. "एकाने ताक लावलं, एकाने सेटिंग. पंख्यात गुलाल, वर घोंगडी. ही चाचणी बाद आहे. कोणी हरलेलं नाही, कोणी जिंकलेलं नाही."

गेनबांनी मान डोलावली. न्यायाची गोष्ट त्यांना पटायची. "घाटात आडवं कुत्रं आलं की बारी बाद धरत्यात. पुन्यांदा घ्यायची. परवा. आन या वख्ताला फकस्त घरची मान्सं."

"मागच्या वेळीही घरचीच होती," मंदाकिनी मॅडम म्हणाल्या.

"ह्या येळंला त्येंच्यातली बी कमी."

(इथे यंत्र थंड होऊ द्यावे.)

लॅबमधला गुलाल निघायला पूर्ण दिवस गेला. ताकाचा वास निघाला नाही. संध्याकाळी दोघी बाकाशेजारी चहा घेत बसल्या.

"मॅडम, उद्या कोणीतरी हरणार," कल्याणी म्हणाली. "जो हरेल त्याला शेड. म्हणजे मी जितकं नीट मोजीन तितक्या लवकर आपण रस्त्यावर."

"हो."

"थोडं कमी नीट मोजलं तर?"

मंदाकिनी मॅडमनी कप खाली ठेवला. "नीटच मोजायचं. मग फूटपाथवर बसून मोजू. स्वारगेटला वजनकाटा घेऊन बसतात ना, तसं. लोक मोटरी घेऊन येतील."

दरम्यान जांभळ्यांच्या घरच्या ग्रुपवर हे चालू होतं:

समर्थ: ऋषी, तुझी मोटर भारी आहे. मान्य कर.

ऋषी: नो नो दादा. तुझी भारी. मी नेहमीच म्हणतो.

समर्थ: तुझं वाइंडिंग बघितलं मी. हात धरणारा नाही कोणी.

ऋषी: तुझ्या कंट्रोलरपुढे काहीच नाही ते. रिस्पेक्ट.

तनुजा: लग्नाला नऊ वर्षं झाली माझ्या. एवढं चांगलं तुम्ही एकमेकांबद्दल आज पहिल्यांदा बोलताय.

समर्थ: तू मधे पडू नकोस.

ऋषी: हो वहिनी, प्लीज.

गेनबा: (गुलाबाचं फूल. शुभ सकाळ. रात्रीच्या जेवणाच्या वेळी.)

भार: पुन्हा शून्य

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये सहाच माणसं होती: गेनबा, समर्थ, ऋषी, तनुजा, मंदाकिनी मॅडम आणि कल्याणी. भैरू दाराबाहेर होता. त्याला आत यायची बंदी होती, पण बोलायची नव्हती.

दोघे भाऊ लवकर येऊन आपापल्या कंट्रोलरला लॅपटॉप लावून बसले होते. कल्याणीने दोन्ही मोटरींखाली वाकून बघितलं. ताक नव्हतं. घोंगडी नव्हती. तिने पिंजरा बंद केला.

"पहिली फेरी. समर्थदादांची मोटर ओढणार, ऋषीची अडवणार."

तिने चालू केलं.

काहीच झालं नाही. कल्याणीने ओढायचा हुकूम वाढवला. मोटर गुणगुणली, झोपेतल्या माणसासारखी, आणि पुन्हा गप्प झाली. संगणकावर जोर शून्य, वेग शून्य.

"बघा," समर्थ दुःखाने म्हणाला. "जागची हलत नाही. काय करणार? माझं नशीबच असं."

"पाळी बदला," ऋषी पटकन म्हणाला. "माझी बघा ना. माझी याहून वाईट आहे."

पाळी बदलली. ऋषीची मोटर ओढणार, समर्थची अडवणार. कल्याणीने चालू केलं. ऋषीची मोटर गुणगुणलीही नाही.

"बघा! हूं की चूं नाही!" ऋषीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "क्लिअर लूजर."

"माझी निदान आवाज करून हरली," समर्थ म्हणाला. "आवाज केला म्हणजे प्रयत्न केला. प्रयत्न करून हरणं हे जास्त हरणं आहे."

"दादा, असं काही नसतं!"

"असतं!"

बाहेरून भैरूने विचारलं, "काय चाललंय? काय बोलू?"

"काही बोलू नका," कल्याणी म्हणाली.

"तेवढंच जमत न्हाई ताई."

गेनबा खुर्चीवरून उठले. पिंजऱ्यापाशी गेले. दोन्ही मोटरी नाकाला नाक लावून गप्प बसल्या होत्या. एकही ओढायला तयार नव्हती, त्यामुळे दुसरीला अडवायला काही नव्हतं. गेनबांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग त्यांनी कल्याणीला विचारलं, "पोरी, खरं सांग. कोन हरलं?"

कल्याणीने संगणकाकडे बघितलं. तिथे दोन्ही बाजूंना शून्य होतं. शून्य आणि शून्य यांत फरक काढण्याइतकं चांगलं यंत्र कोणाकडेच नसतं. आयुष्यात एवढा स्वच्छ, एवढा बिनचूक आकडा तिच्या वाट्याला आला नव्हता.

"कोणीच नाही, काका. तंतोतंत बरोबरी."

"मंग शेड कुनालाच न्हाई. हाय तिथंच हाय." गेनबांनी खिशातून करार काढला, खुर्चीवर ठेवला आणि उभ्या उभ्याच सही केली. मंदाकिनी मॅडमनी तो दोन बोटांनी उचलला, वाऱ्यावर वाळवला आणि पर्समध्ये टाकून पर्सची चेन ओढली. चेन पुरती बंद झाल्यावरच त्यांनी श्वास सोडला.

तनुजा नवऱ्याकडे बघत होती. "परवा जिंकता आलं नाही ते ठीक. आज हरायलाही येईना?"

"मला एकट्याला काय बोलतेस? ऋषीलाही नाही आलं."

"खरंच वहिनी," ऋषी म्हणाला. "आम्ही दोघांनीही जीव तोडून ट्राय केलं."

दोघे लॅपटॉपच्या वायरी गुंडाळायला लागले. समर्थने वायरीचं एक टोक धरलं, ऋषीने दुसरं, बोलता बोलता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात कल्याणीच्या डोक्यात आलं ते तिने बोलून टाकलं.

"काका, करार झाला. आता कोणाचंच काही अडलेलं नाही. दादा, ऋषी, तुम्ही दोघं सेटिंग पूर्ववत करा. एकदाच, फक्त एकदा, खरं मोजू या. दोन्ही मोटरी मन लावून बनवल्यात तुम्ही. मला बघायचंय कुठली जास्त चांगली आहे."

समर्थने ऋषीकडे बघितलं, ऋषीने आबांकडे, आबांनी छताकडे.

"नको हो ताई," तनुजा हळूच म्हणाली. "आज दोघं एका गाडीतनं आलेत."

"पण मोजायला काय हरकत आहे? आपण टेस्टिंग लॅब आहोत!" कल्याणीने मोठ्या आशेने मागे वळून बघितलं. "मॅडम, तुम्ही तरी सांगा."

मंदाकिनी मॅडम उठल्या. त्यांचं अख्खं आयुष्य मोजण्यात गेलं होतं. भाजीवालीचा तराजूही त्या आधी रिकामा धरायला लावत. त्या शांतपणे भिंतीपाशी गेल्या, मेन स्विचची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि खाली ओढली. पंखे थांबले. संगणक विझला. शून्यंही गेली.

"लाइट गेलीये," मॅडम म्हणाल्या. "चला, जेवून घेऊ."